फिटनेसचा दाखला आणि कुकरच्या शिट्ट्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 46, नाशिकला एका सरकारी बँकेत ब्रँच मॅनेजर. दसऱ्यानंतर ब्रँचमध्येच फिट आली. एमआरआयमध्ये उजवीकडे, मेंदूच्या पुढच्या भागावर साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली, मेनिन्जिओमा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, बायोप्सीत ग्रेड 1 (म्हणजे साधी, कर्करोग नसलेली गाठ) आला. आता दहा आठवडे झालेत. सर्जननी फिटनेस सर्टिफिकेट दिलंय, आर. ओ.मधून (रीजनल ऑफिसमधून) ‘मॅडम, मार्चच्या आधी या’ असे दोन फोन येऊन गेलेत आणि 1 फेब्रुवारीला हजर व्हायचं ठरलंय. पण दुपारी बारानंतर डोकं चालत नाही, गॅसवर ठेवलेलं दूध विसरायला होतं, दोन माणसं एकदम बोलली की काही कळत नाही, मुलीवर उगाच ओरडलं जातं. रिपोर्ट सगळे स्वच्छ. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मी नाटक करतेय का?’

ताई, नाही. सत्तावीस वर्षांत दूध उतू घालवण्याचं नाटक करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. उलटं नाटक मात्र रोज पाहते. काहीच झालेलं नाही असं दाखवत, दार लावून ऑफिसच्या बाथरूममध्ये दहा मिनिटं डोळे मिटून बसणारे लोक.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, पण ते ऐकून लोकांना वाटतं आम्ही नोकरी लावून देतो. कमला निंबकरांनी 1950 साली मुंबईच्या केईएममध्ये या विषयाची पहिली शाळा काढली, तरी अजून निम्मे पेशंट मला ‘फिजिओ मॅडम’च म्हणतात. फरक एवढाच सांगते: फिजिओथेरपिस्ट तुम्हाला जिना चढवतो, आणि वर गेल्यावर जे काम करायचं असतं ते माझ्याकडे येतं. तुमचा जिना चढून झालाय.

आधी त्या दाखल्याबद्दल. आपल्याकडे गंमत अशी की आजारही ‘फिट’ आणि बरं झाल्याचा दाखलाही ‘फिट’. तुमच्या सर्जननी टाके पाहिले, हातापायांची ताकद पाहिली, नजर पाहिली, स्कॅन पाहिला, फिट पुन्हा आलेली नाही याची खात्री केली आणि सही केली. त्यांच्या बाजूने ते अगदी बरोबर आहे. पण तुमच्या केबिनबाहेर सकाळी साडेदहाला काय चालतं, ते त्यांनी कुठे पाहिलंय? समोर कर्जवाला, शेजारी क्लार्क ऑथराइज करायला उभा, फोनवर आर. ओ., कॅशमध्ये कोणीतरी आवाज चढवलेला, आणि दाराशी पेन्शनीचे आजोबा हयातीचा दाखला घेऊन. दाखला शरीराचा आहे. नोकरी कोणी तपासलेलीच नाही.

स्कॅन स्वच्छ आणि डोकं जड, हे एकाच वेळी कसं, हेही तुम्हाला छळतंय. मेनिन्जिओमा मेंदूतून उगवत नाही, मेंदूवरच्या आवरणातून वाढतो. बहुतेक वेळा वर्षानुवर्षं, अगदी हळू. मेंदू बिचारा सरकत सरकत जागा देत राहतो. साडेचार सेंटिमीटर म्हणजे मध्यम लिंबाएवढी वस्तू आत होती, ती काढली, म्हणजे दाब गेला. पण इतकी वर्षं दबलेला भाग, आजूबाजूची सूज, ऑपरेशनात झालेली हाताळणी हे सगळं निवळायला आठवडे नव्हे, महिने लागतात. एमआरआय जागा दाखवतो. त्या जागेतलं काम किती वेगाने चाललंय ते दाखवत नाही. शिवाय मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्के आणि खर्च करतो सुमारे वीस टक्के. जखमी असताना तेच काम करायला त्याला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून तुमचं चार्जिंग बारालाच संपतं. हा आळस नाही आणि अशक्तपणाही नाही, त्यामुळे बदाम, शतावरी, सासूबाईंचे डिंकाचे लाडू यांनी तो जाणार नाही. लाडू खा, पण त्या आशेने नको.

उजव्या पुढच्या भागाचं काम काय, हे मी पेशंटना एका जुन्या गोष्टीतून सांगते. वाइल्डर पेनफील्ड हे कॅनडातले फार मोठे न्यूरोसर्जन. 1928 मध्ये त्यांनी माँट्रियलला स्वतःच्या सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन केलं. तिची गाठ तुमच्यासारखी नव्हती. ती मेंदूतलीच होती, आणि ती काढताना उजव्या पुढच्या भागाचा मोठा हिस्सा काढावा लागला. बहीण वाचली, घरी गेली, बोलणं-चालणं, बुद्धी, स्वभाव, सगळं जवळजवळ पूर्वीसारखं. सव्वा वर्षाने भाऊ तिच्याकडे जेवायला गेला. एक पाहुणा आणि घरची चार माणसं, एवढाच बेत. वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, सगळं सामान समोर, एक-दोन पदार्थ शेगडीवर चढलेले, पण सॅलड झालेलं नाही, मांस शिजायला घातलेलंच नाही, आणि एकटीने इतका वेळ धडपडून ती रडकुंडीला आलेली. यातला एकेक पदार्थ तिला येत होता. सगळे मिळून एका वेळी ताटात आणणं जमत नव्हतं. पेनफील्डनी हे 1935 मध्ये सहकाऱ्यासोबत लिहून प्रसिद्ध केलं. भावाने बहिणीच्या स्वयंपाकघरात जे पाहिलं, ते तिला खोलीत बसवून प्रश्न विचारून कधी कळलं नसतं.

तुमच्याकडून तेवढा भाग काढलेला नाही, दाब पडलेला भाग सावरतोय, त्यामुळे घाबरू नका. पण अडचणीची जात तीच आहे. ब्रँच चालवणं म्हणजे पाच शेगड्यांवरचा स्वयंपाकच आहे.

माझ्या विभागात एक छोटं स्वयंपाकघर आहे. दोन बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर, पोळपाट-लाटणं. काम साधं देते: तिघांसाठी वरण-भात, सहा पोळ्या, काकडीची कोशिंबीर, शेवटी चहा. कुकर तीन शिट्ट्यांनी बंद करायचा. मधेच मी फोन करते आणि विचारते, उद्याची वेळ साडेअकराऐवजी चार केली तर चालेल का. बस. मागे एक मुख्याध्यापिका आल्या होत्या, ऑपरेशन होऊन तीन महिने झालेल्या, बोलण्यात एकदम तरतरीत. पोळी लाटायला घेतली, पहिली शिट्टी झाली, आणि त्यांचं लाटणं हवेतच थांबलं. शिट्टी पूर्ण संपेपर्यंत थांबलं. मग पुढे. दुसऱ्या शिट्टीलाही तेच. ऐकणं आणि लाटणं त्या एकदम करू शकत नव्हत्या, आणि त्यांनी ते नकळत ओळखून एकेक काम करायला सुरुवात केली होती. तव्यावरची पोळी तोवर करपत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. फोन झाल्यावर मला म्हणाल्या, “किती झाल्या हो?” शिट्टी एक झाली होती की दोन, ते त्यांना आठवत नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यांची शाळा सुरू होणार होती, बाराशे मुलांची.

हे मी का मानते त्याला एक चूक कारणीभूत आहे, माझी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घाऊक व्यापाऱ्याकडचा हिशेबनीस माझ्याकडे आला होता, तुमच्यासारखीच गाठ, तुमच्यासारखंच ऑपरेशन. मी त्याची लेखी चाचणी घेतली. आजकाल सगळीकडे घेतात त्या मोका चाचणीसारखीच: घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करा. मोका 30 गुणांची असते, 26 किंवा जास्त आले की ठीक समजतात, दहा मिनिटांत होते. याला जवळजवळ पैकीच्या पैकी. मी खुशीत ‘पूर्ववत काम करू शकतो’ असं लिहून दिलं. महिन्याभरात त्याने एकाच पार्टीला दोनदा पैसे पाठवले, दुसऱ्याचे पाठवलेच नाहीत, आणि मालकाने त्याला घरी बसवलं. तो मला काही बोलला नाही. बायको बोलली: “मॅडम, तुमच्याकडे शांत खोली होती. तिथे सतरा हमाल पावत्या घेऊन उभे असतात.” तेव्हापासून शांत खोलीतल्या गुणांवर मी दाखला देत नाही. लंडनच्या शॅलिस आणि बर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये हेच नीट मांडून दाखवलं होतं. बुद्धीच्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवणारे तीन पेशंट त्यांनी खऱ्या बाजारात छोटी छोटी कामं देऊन सोडले, आणि तिथे त्यांची गाडी अडली. ते मी वेळेत वाचलं असतं तर त्या माणसाची नोकरी वाचली असती.

तर आता तुमची ब्रँच घरी आणू या. खऱ्या गिऱ्हाइकांचे कागद अर्थातच नाही. तुमच्या मिस्टरांना गृहकर्जाचे अर्जदार करा. त्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, एक काल्पनिक फ्लॅट. तुम्ही नेहमीसारखी अप्रेझल नोट, म्हणजे अर्जाच्या छाननीचं टिपण, लिहायची. त्यांनी कागदांत पाच चुका आधीच घालून ठेवायच्या: खाते क्रमांकातला एक आकडा, तारीख, नावाचं स्पेलिंग, एखादी बेरीज. कुठे घातल्या ते सांगायचं नाही. पहिल्या आठवड्यात सकाळी नऊला, शांततेत, पंचेचाळीस मिनिटं. जमलं की फक्त वेळ बदला, दुपारी बाराला करा. तेही जमलं की टीव्हीवर बातम्या लावा. मग मिस्टरांनी बाहेर जाऊन मधे तीन फोन करायचे, एकदा तरी काहीतरी उलटसुलट मागायचं. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, नाहीतर कशाने अडलं ते कळणार नाही.

वहीत तीनच गोष्टी लिहा. पाचपैकी किती चुका सापडल्या. तुमची स्वतःची पहिली चूक कितव्या मिनिटाला झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटत होतं. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि तेच सगळे लिहायला विसरतात. काम करताना माणूस जोशात असतो, बिल दुसऱ्या दिवशी येतं. रात्रीच्या झोपेने थकवा फिटला तर तेवढं काम तुम्हाला पेलतंय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं बधिर राहिलं तर एक पायरी खाली या, आणि तिथे तीन-चार दिवस थांबा. ‘आज बरं वाटतंय तर सगळं उरकून घेते’ हा आपल्या बायकांचा खास दोष आहे. त्यात दोन दिवस उरकणं होतं आणि चार दिवस झोपणं.

दीड-दीड तासाच्या दोन बैठका, गोंगाटात, फोन घेत, पाचपैकी चार चुका पकडून, आठवड्यातले चार दिवस लागोपाठ जमल्या आणि तरी झोप-मूड ठिकाणावर राहिला, तर मी माझ्या पेशंटला ऑफिसचा विचार करायला सांगते. हा माझा अनुभवाचा आकडा आहे, पुस्तकातला नाही. पण तो वापरायला लागल्यापासून परत घरी बसायची पाळी आलेले फार थोडे आहेत.

आता 1 फेब्रुवारी. स्पष्ट सांगते, ब्रँच मॅनेजर म्हणून या फेब्रुवारीत चार्ज घेऊ नका. मार्चच्या आधी या असं ते म्हणतात ते मार्चसाठीच. टार्गेट, एनपीएची (थकलेल्या कर्जांची) वसुली, ऑडिट, 31 तारखेला रात्री उशिरापर्यंतचं क्लोजिंग. सावरणाऱ्या मेंदूला यापेक्षा वाईट महिना बँकेत नसतो. आणि तुम्ही लिहिलं नाहीत तो मुद्दा मी लिहिते, कारण माझे तीन-चार पेशंट बँकेतले होते. घाईत एखादं कर्ज चुकीचं मंजूर झालं, एखादी एंट्री डोळे झाकून ऑथराइज झाली, आणि दोन वर्षांनी खातं बुडालं, की स्टाफ अकाउंटॅबिलिटीच्या, म्हणजे चूक कोणाची ते ठरवणाऱ्या, कागदात तुमची सही दिसेल. तेव्हा कवटी उघडून थोडेच महिने झाले होते हे त्या कागदात कुठेही नसेल. आर. ओ.मधले ते प्रेमळ साहेब तोवर बदली होऊन गेलेले असतील.

दोन रस्ते आहेत. एक, रजा वाढवून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रँचला जा. ऑफिसरची आजारी रजा अर्ध्या पगारावर असते, पूर्ण पगारी घेतली तर दुप्पट दिवस खर्ची पडतात, आणि वीसेक वर्षं नोकरी झालेल्यांकडे ती बहुधा साठलेली असते. सोन्यासारखी जपून निवृत्तीपर्यंत नेण्यात अर्थ नाही, हाच तो दिवस. दोन, फेब्रुवारीतच हजर व्हायचं असेल तर ब्रँच नको, आर. ओ.मध्ये काही महिन्यांसाठी बसवून घ्या: तक्रारींची उत्तरं, तपासणी अहवालांचं वाचन, असं टेबल जिथे चूक झाली तर ती पाठवण्याआधी दुसरा कोणी वाचतो. मला दुसरा रस्ता जास्त आवडतो. तुमच्या पत्रावरून तुम्ही घरी बसून कुढणाऱ्यांपैकी वाटता, आणि कुढण्यानेही मेंदू थकतो.

अडचण अशी की परदेशी कंपन्यांत असतं तसं ‘हळूहळू तास वाढवत परत या’ हे सरकारी बँकेच्या नियमात बसत नाही. तिथे माणूस एकतर रजेवर असतो किंवा ड्यूटीवर. म्हणून हे रजा आणि टेबल यांच्या खेळातून साधावं लागतं. गुरुवारी हजर व्हा, तोही दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारच्या आधीचा. दोन दिवस काम, दोन दिवस सुट्टी. पहिला महिनाभर दर बुधवारी कॅज्युअल रजा टाका. वर्षाच्या बारातल्या चार जातील, जाऊ द्यात. लागोपाठचे दोन दिवस आणि लागोपाठचे पाच दिवस यांत फार फरक आहे, हे तुम्हाला त्याच महिन्यात कळेल.

सर्जनकडे पुन्हा जा आणि दाखला बदलून घ्या. नुसतं ‘फिट टू रिझ्यूम ड्यूटी’ असं लिहिलेला कागद तुमच्या विरोधातच वापरला जातो, कारण त्यानंतर जे काही जमणार नाही ते तुमचं न करणं ठरतं. मजकूर साधारण असा असू द्या: कामावर हजर होण्यास योग्य; पुढील तीन महिने टेबलावरचं काम, ऑफिसच्या ठरलेल्या वेळेतच; रात्रीचा प्रवास आणि उशिरापर्यंत बसणं नाही; वाहन चालवणं नाही; कॅशच्या किल्ल्यांची जबाबदारी नाही; तीन महिन्यांनी फेरतपासणी. हे लिहायला डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांना कोणी मागितलेलं नसतं एवढंच. उद्या काही कमतरता कायमची राहिलीच, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 20 सरकारी आस्थापनांना लागू आहे: नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही. तुमच्यावर ती वेळ येईल असं मला वाटत नाही. खाजगी नोकरीतल्यांना हा आधार इतका भक्कम नाही, त्यांनी आपल्या कंपनीचं समान संधी धोरण मागून वाचावं.

ब्रँचला परत गेल्यावर कामं ज्या क्रमाने परत घ्यायची तो क्रमही ठरवा. आधी टपाल आणि मेल. मग गिऱ्हाईक, तेही सकाळच्या दोन तासांत. मग ऑथरायझेशन. सगळ्यांत शेवटी मंजुरी आणि स्ट्राँगरूमच्या किल्ल्या. साडेबाराला वीस मिनिटं केबिनचं दार बंद, मोबाईल बाहेर शिपायाकडे, डोळे मिटून. दमल्यावर विश्रांती घ्यायची नाही, घड्याळाकडे बघून घ्यायची. दमल्यावर घेतली तर उशीर झालेला असतो. आणि ‘लक्षात ठेवीन’ हा शब्द काही महिने काढून टाका, जे असेल ते एकाच वहीत. चिठ्ठ्या नकोत. चिठ्ठी कुठे ठेवली तेही मग लक्षात ठेवावं लागतं.

मुलीवरच्या चिडचिडीबद्दल. तुमच्या गोळ्यांत लेव्हेटिरासिटाम आहे. फिटसाठी चांगलं औषध, पण काही जणांना त्याने चिडचिड, रडू, उदासी येते, आणि हे इतकं परिचित आहे की मी पेशंटच्या घरच्यांना आधीच विचारते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, एक दिवसही नाही. अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते. न्यूरोलॉजिस्टना मात्र मोकळेपणाने सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. घरात मुलीला सांगून टाका की हा आवाज गोळीचा आणि थकव्याचाही असू शकतो, तुझ्या मार्कांचा नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला हे ऐकून किती हलकं वाटतं ते मी पाहिलंय. झोप सात-आठ तास हवीच. जागरण हे फिटला दिलेलं आमंत्रण आहे, म्हणून लग्नसराईत हळदीला जाऊन यायचं, रात्रभर थांबायचं नाही.

ॲक्टिव्हा सध्या घरीच. एक फिट येऊन गेलेली आहे. लायसन्ससाठी जो फॉर्म 1 भरतात त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल थेट प्रश्न असतो, आणि तिथे खोटं लिहिणं म्हणजे अपघात झालाच तर दुहेरी संकट. कधी चालवायची ते न्यूरोलॉजिस्ट ठरवतील. मागे बसणार असाल तरी हेल्मेट टाक्यांवर कुठे दाबतं ते पाहून घ्या. त्या भागाला बधिरपणा, कधी मुंग्या, कधी आत ‘टक’ असा आवाज, हे बरेच दिवस राहतं, हाड प्लेट-स्क्रूने बसवलेलं असतं आणि सांधायला वेळ घेतं.

सहकाऱ्यांना किती सांगायचं? फिट ब्रँचमध्येच आलेली, म्हणजे सगळ्यांनी पाहिलेली. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही आणि ते एका अर्थी बरं. गिऱ्हाईक विचारणारच, ‘मॅडम, काय झालं होतं?’ एक वाक्य तयार ठेवा: ‘डोक्यात साधी गाठ होती, काढली, आता बरी आहे.’ पुढे चर्चा नको. मात्र दोन सहकाऱ्यांना नीट शिकवून ठेवा, फिट आली तर काय करायचं. कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या खुर्च्या बाजूला, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली तर लगेच रुग्णवाहिका. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा नाही आणि चप्पल तर नाहीच. गेल्या वेळी चप्पल कोणी हुंगवली हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण कोणीतरी हुंगवली असणारच.

पुढचं कुठल्याही दिवशी झालं तर ऑफिस सोडून हॉस्पिटल: पहाटे वाढणारी डोकेदुखी आणि उलट्या, ताप, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, नवीन अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणं, पुन्हा फिट. एका पोटरीला सूज-दुखणं किंवा अचानक दम लागणं हेही त्यातच धरा, या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो.

हे वाचणाऱ्यांत कोणाचा ग्लिओमा, म्हणजे मेंदूतूनच उगवलेली गाठ, असेल, तर हे वेळापत्रक त्यांना लागू नाही. त्यातल्या सगळ्यांत आक्रमक प्रकारात, ग्लिओब्लास्टोमात, साधारण सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत गोळ्या असतात, आणि थकवा रेडिएशन संपल्यानंतरही काही आठवडे वाढत जातो. तिथे नोकरीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तो पेशंटला भेटून, घरची ओढाताण ऐकूनच मांडता येतो.

ताई, तुम्ही उद्यापासून गृहकर्जाची फाईल सुरू करा. दोन आठवड्यांची वही झाली की नाशिकमध्ये न्यूरोचं काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला किंवा न्यूरोसायकॉलॉजिस्टला दाखवा. रिपोर्टच्या फाईलपेक्षा त्यांना ती वही जास्त उपयोगी पडेल. आर. ओ.ला फोन वही पाहिल्यानंतरच करा, तोवर रजा वाढवून घ्या. कुकर लावायचा तर घरात कोणीतरी असताना, आणि शिट्ट्या मोजायच्या नाहीत, मोबाईलवर बारा मिनिटांचा गजर लावायचा. दुधाचं काम सध्या मिस्टरांकडे.